सूचना चौकीपर्यंत पोचली का? ॲप्राइजसाठी स्वतःचं प्लगइन

आज ॲप्राइजबद्दल बोलू. ही पायथनची लायब्ररी. टेलिग्राम, ईमेल, स्लॅक अशा शंभराहून अधिक ठिकाणी सूचना पाठवते, आणि प्रत्येक ठिकाणासाठी तुम्ही फक्त एक यूआरएल द्यायची. मग प्लगइन कशाला लिहायचं? तर ज्याला सूचना द्यायची तो माणूस या शंभरांत कुठेच नसेल तर.

आम्ही बेंगळुरूत राहतो. इथं कावेरीचं पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून येतं, आणि सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत, म्हणजे इथल्या भाषेत संपमध्ये, पडतं. तिथून मोटरनं वर. संप कोरडा झाला तर टँकर बोलवायचा, आणि मोटर तशीच चालू राहिली तर ती जळायची. हे सगळं पाहतात आमचे चौकीदार. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन, आणि भाषा कन्नड. टेलिग्रामचा उपयोग शून्य. म्हणून ठरवलं, चौकीतल्या छोट्या कॉम्प्युटरनं सूचना मोठ्यानं बोलायची. इस्पीक-एनजी हा मोफत प्रोग्रॅम कन्नड बोलतो. (मराठीही बोलतो. उच्चार यंत्राचेच, पण कळतं.)

आता प्लगइन. ॲप्राइजमध्ये नोटिफाय नावाचा डेकोरेटर आहे. तुमच्या फंक्शनच्या डोक्यावर तो लावायचा आणि ऑन या जागी यूआरएलचं नाव द्यायचं; मी ‘चौकी’ दिलं, अर्थात रोमन अक्षरांत. फंक्शनला मजकूर, शीर्षक आणि सूचनेचा प्रकार मिळतो. प्रकार चार: माहिती, यश, इशारा, अपयश. मी फक्त इशारा आणि अपयश बोलून दाखवतो. ‘सगळं ठीक आहे’ असं दर तासाला ऐकवलं तर कुणीही स्पीकर बंद करेल.

बोलण्याचं काम मी वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवलंय. डेकोरेटरखालचं फंक्शन त्याला हाक मारतं, एवढंच. कारण चाचणी घेताना ॲप्राइज मध्ये न आणता ते बोलणारं फंक्शन एकटं तपासता येतं.

फाइल होम फोल्डरमधल्या ॲप्राइजच्या प्लगइन्स फोल्डरमध्ये टाकली की कमांड लाइनला ती आपोआप सापडते. पण तुमच्याच पायथन प्रोग्रॅममधून वापरणार असाल तर तो रस्ता ॲसेटमध्ये स्वतः द्यावा लागतो. नाही दिला तर ‘चौकी’ त्याला अनोळखी, आणि ॲड करताना फॉल्स मिळतं. ते उत्तर तपासाच. आणि बरं का, त्या फोल्डरमधला कोड लोड होतानाच चालतो. तिथं लिहायची परवानगी गावभर वाटू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या फंक्शननं काहीच परत दिलं नाही, म्हणजे नन, तर ॲप्राइज ते यश मानतं. इस्पीक चाललाच नाही, तुम्ही रिटर्न लिहिलेलं नाही, तरी वर अहवाल जातो: सूचना पोचली. पाणी संपत आलेलं असताना हे परवडत नाही. म्हणून इस्पीकचा एक्झिट कोड शून्य असेल तरच ट्रू, एरवी फॉल्स. वीस सेकंदांत बोलणं संपलं नाही तरी फॉल्स. युनिटटेस्टमध्ये मॉक वापरून मी या तिन्ही गोष्टी घडवतो: शून्य, एक, आणि वेळ संपणं. चौथी चाचणी साध्या माहितीची: तिथं इस्पीकला हाक जायलाच नको.

मग खरी कमांड चालवायची, दोन व्ही लावून, म्हणजे आत काय चाललंय ते दिसतं. ड्राय-रन पर्यायावर विसंबू नका. तो फक्त यादी दाखवतो, तुमचं फंक्शन चालवतच नाही. सूचना गेली तर कमांड शून्य देते, फसली तर एक. एक आला की माझी स्क्रिप्ट सेक्रेटरींना टेलिग्राम करते, कारण असा पर्यायी रस्ता ॲप्राइज आपणहून धरत नाही.

पण स्पीकरचं बटणच बंद असेल तर? इस्पीक बिचारा शून्यच देणार. ‘नीरु कडिमे इदे’, पाणी कमी आहे, असं तो बोलला. कुणी ऐकलं का, हे कुठलीही चाचणी सांगत नाही. त्यासाठी मी पाण्यालाच विचारतो: सूचनेनंतर 40 मिनिटांत संपची पातळी वाढली नाही, तर सेक्रेटरींचा फोन वाजतो.