फणा नव्हे, नुसतं सोंग

विहिरीत साप दिसला की आमच्याकडे पहिली आरोळी ‘नाग!’ अशीच उठते. जाऊन पाहावं, तर बहुधा दिवड निघते. काही भागांत तिलाच विरोळा म्हणतात. पिवळसर अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन. त्याहून खात्रीची खूण म्हणजे एक डोळ्याखालून आणि एक डोळ्यामागून ओठाकडे उतरणाऱ्या दोन तिरप्या काळ्या रेषा. मासे, बेडूक हे तिचं खाणं. डिवचली की मान चपटी करून अंग उचलते, आणि या सोंगापायीच बिचारी काठीखाली मरते. नागासारखा रुंद फणा तिला नाहीच. चावते मात्र कडकडून, रक्तही येतं. पण विष नाही. साप ओळखता आला नसेल, तर मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखाना गाठावा.