चिपचा बाजार : मोठा वाटा म्हणजे मोठा नफा का?

'ज्याचा माल जास्त खपतो, त्याचा नफा जास्त' असे आपण सहज बोलून जातो. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. तो समजून घेण्यासाठी आधी आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील ओळखीचे एक उदाहरण घेऊ.

समजा, खामगावात दोन जिनिंग कारखाने आहेत. पहिल्याचा हंगामाचा स्थिर खर्च, म्हणजे यंत्रे, इमारत, व्याज, पगार वगैरे, ४० लाख रुपये आहे. तो २०,००० क्विंटल कापूस घेतो आणि रुई-सरकी विकून क्विंटलमागे त्याच्याकडे ३०० रुपये उरतात. एकूण ६० लाख. स्थिर खर्च वजा जाता नफा २० लाख. दुसऱ्याचा कारखाना मोठा, स्थिर खर्च ५० लाख. यंत्रे रिकामी राहू नयेत म्हणून तो कापसाला दीडशे रुपये जास्त भाव देतो. त्यामुळे त्याच्याकडे ३०,००० क्विंटल कापूस येतो, पण क्विंटलमागे उरतात १५०च रुपये. एकूण ४५ लाख. म्हणजे ५ लाख तोटा. बाजारातील वाटा ६० टक्के, तरी तिजोरी रिकामी!

चिपच्या धंद्यात हेच गणित फार मोठ्या आकड्यांत चालते. अद्ययावत कारखान्याला एक हजार कोटी डॉलरहून अधिक खर्च येतो. चकती बनवा अगर बनवू नका, हा खर्च टळत नाही. म्हणून प्रत्येक कारखानदार भाव उतरवूनही यंत्रे चालू ठेवू पाहतो.

वाट्याचा फायदा नसतोच असे नाही. सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिप कोरल्या जातात आणि त्यांतील काही सदोष निघतात. जितक्या चकत्या जास्त, तितकी दोषांची कारणे लवकर सापडतात. चांगल्या चिपचे प्रमाण वाढते आणि दर चिपचा खर्च उतरतो. परंतु भाव खर्चापेक्षा वेगाने घसरला, तर हा फायदा ग्राहकाच्या खिशात जातो, कारखानदाराच्या नाही.

स्मृती-चिपच्या बाबतीत नेमके हेच घडते. एका कंपनीच्या चिपऐवजी दुसरीची वापरता येते, म्हणून स्पर्धा फक्त भावाची उरते. इंटेल या अमेरिकी कंपनीने १९७० मध्ये '११०३' ही स्मृती-चिप बाजारात आणली. पुढे जपानी कंपन्यांनी स्वस्त व चांगला माल आणला. अखेर १९८५ मध्ये इंटेलने डी-रॅम या स्मृती-चिपचा धंदाच सोडला. १९८६ मध्ये तिला सुमारे १७ कोटी डॉलर तोटा झाला. पण तिने सर्व शक्ती प्रोसेसरकडे वळवली. संगणकाचे कार्यक्रम विशिष्ट प्रोसेसरसाठी लिहिलेले असल्याने ग्राहक सहज दुसरीकडे जात नाही आणि भाव टिकतो. १९९२ मध्ये इंटेल विक्रीत जगातील पहिल्या क्रमांकाची चिप कंपनी झाली.

पण वाट्याच्या जोरावर नफा कायम राहतोच असेही नाही. २०२४ मध्ये वैयक्तिक संगणकांच्या प्रोसेसरांत इंटेलचाच वाटा सर्वांत मोठा होता. तरी कंपनीला सुमारे १,८८० कोटी डॉलर तोटा झाला. कारखान्यांवरचा प्रचंड खर्च हे त्याचे एक प्रमुख कारण. त्याच वर्षी स्पर्धक एएमडीने सुमारे १६४ कोटी डॉलर नफा मिळवला. एएमडीने आपले कारखाने २००९ मध्येच वेगळे काढले होते. आज ती चिपची रचना करते आणि उत्पादन तैवानच्या टीएसएमसीसारख्या कंपन्यांकडून करून घेते. स्मृती-चिपमध्ये आघाडीवर असलेल्या सॅमसंगच्या चिप विभागालाही २०२३ च्या मंदीत सुमारे १५ लाख कोटी वॉन तोटा सोसावा लागला.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. वेदान्त-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत जाणार, हे सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्यातून अंग काढून घेतले. अशा कारखान्यांसाठी सरकार जनतेचा पैसा देते. म्हणून 'कारखाना कुठे?' याबरोबरच आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत : चिप कोणत्या प्रकारची? ती दुसरा कोणी सहज बनवू शकेल का? मंदीची दोन-तीन वर्षे तोटा कोण सोसणार?

वर्गासाठी गणित : वरील दुसऱ्या जिनिंग कारखान्याचा तोटा भरून निघण्यासाठी क्विंटलमागे किती रुपये उरले पाहिजेत? आणि पहिल्याइतका नफा मिळवण्यासाठी किती? विद्यार्थ्यांकडून उत्तरे काढून घ्यावीत. मग कापसाचा भाव बदलून तेच गणित पुन्हा मांडावे.