आखूड ‘बुलपप’ बंदूक आणि शेतीसंरक्षण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बुलपप पंप बंदुकीत काडतूस उडवणारी यंत्रणा चापाच्या मागे, दस्त्यातच बसवलेली असते. नळी तेवढीच राहून बंदुकीची एकूण लांबी घटते. वाशीम जिल्ह्यात रोही, रानडुकरे आणि काळविटे सोयाबीन, तूर, हरभऱ्याची नासाडी करतात. अशा ठिकाणी ही बंदूक कितपत उपयोगी, हे ठरवताना काही गैरसमज आड येतात.

गैरसमज : बंदूक आखूड म्हणजे मारा कमी.
वस्तुस्थिती : अमेरिकी ‘केल-टेक केएसजी’ या बारा बोअर बंदुकीची एकूण लांबी 26.1 इंच, तर नळी 18.5 इंच आहे. तेवढ्याच नळीची नेहमीची पंप बंदूक 38 ते 40 इंच भरते. मारा दोन्हींचा जवळपास सारखाच. छर्रे किती पसरतील हे मुख्यतः नळीच्या तोंडाशी असलेल्या चोकवर ठरते.

गैरसमज : आखूड बंदूक वापरायला सोपी आणि सुरक्षित.
वस्तुस्थिती : अरुंद जागेत ती सहज वळते, वजन खांद्याजवळ राहते, हे फायदे खरे. पण पंप ओढणारा हात नळीच्या तोंडाजवळ येतो. तो पुढे घसरला तर गंभीर इजा होते. चापापासून यंत्रणेपर्यंत लांब जोडदांडा लागतो, त्यामुळे चाप ओढताना नेमकेपणा कमी जाणवतो. केएसजीत सात-सात काडतुसांच्या दोन नळ्या असतात. एक संपल्यावर कळ हाताने फिरवावी लागते.

गैरसमज : परवाना मिळाला की कोणतीही बारा बोअर बंदूक घेता येते.
वस्तुस्थिती : शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 13 नुसार शेतीसंरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूक अपेक्षित आहे. ती पुरेशी नाही, अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते; तिची नळी किमान 20 इंच हवी. केएसजीची 18.5 इंची नळी या तरतुदीत बसत नाही. परवानगीशिवाय नळी कापून आखूड करणे हा कलम 6 चा भंग आहे.

गैरसमज : शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा.
वस्तुस्थिती : बंदुकीचा परवाना आणि वन्यप्राणी मारण्याची परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 2 मधील रोही आणि रानडुक्कर उभ्या पिकाला घातक ठरल्यास कलम 11 खाली वनविभागाची लेखी परवानगी मिळू शकते. काळवीट अनुसूची 1 मध्ये आहे. पिकाच्या नुकसानीसाठी त्याला मारण्याची परवानगी मिळत नाही. कारंजा-सोहोळ अभयारण्य याच प्राण्यासाठी राखलेले आहे.

आखूडपणाचा फायदा खोलीत किंवा वाहनात होतो, मोकळ्या शिवारात नाही. त्यामुळे वाशीमच्या शेतकऱ्यासाठी ही बंदूक सोयीचीही नाही आणि कायद्यात बसणारीही नाही. पिकाचे नुकसान झाल्यास वनविभागाकडे वेळेत भरपाईचा अर्ज करणे हाच खात्रीचा मार्ग आहे.