त्यांनाही बसू द्या!

मैत्रिणींनो, सणाच्या खरेदीला गेल्यावर दुकानात शिरल्या शिरल्या आपण आधी काय करतो? बसायला जागा शोधतो! गेल्या दिवाळीत मीही तेच केले. बीडला एका मोठ्या कंपनीच्या दुकानात जाऊबाई आणि मी बाकावर टेकलो आणि साड्या दाखवायला सांगितल्या. दहा झाल्या, पंचवीस झाल्या. ‘हा रंग नको, काठ जरा मोठा हवा’ चालूच. समोरची मुलगी हसतमुखाने घड्या मोडत होती. एकदम म्हणाली, “बाई, ओळखलं नाही का मला?”

माझीच विद्यार्थिनी! दिवाळीनंतर आमच्या वर्गातली कितीतरी बाके रिकामी होतात. आईबाप ऊसतोडीला निघतात, पोरेही मागोमाग जातात. ही मात्र आजीजवळ राहून बारावी झाली.

“नोकरी कशी आहे गं?”

“चांगली आहे बाई. सावलीत आहे. पगार खात्यावर येतो. औंदा बाबानं मुकादमाची उचल कमी घेतली.” मग हळूच म्हणाली, “फक्त पाय लई दुखायलेत.”

सकाळी दहा ते रात्री नऊ ती उभीच असते. गिऱ्हाईक नसले तरी टेकायचे नाही, वर कॅमेरा आहे. जेवायची सुट्टी अर्धा तास, गर्दीत तीही निम्मी. सारखे बाथरूमला जायला नको म्हणून पाणीच कमी पिते. सणाच्या महिन्यात आठवड्याची सुट्टीही बुडाली. तरी नोकरी सोडायचे नाव नाही. का सोडेल? कोयता हातात धरण्यापेक्षा हे बरेच की!

घरी येऊन मी जरा वाचून काढले. आपला दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा. त्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे तास १० करायला मान्यता दिली. पण जादा कामाला दुप्पट दर आणि आठवड्याला एक दिवस सुट्टी हा हक्कच आहे. रात्री साडेनऊनंतर बाईच्या संमतीशिवाय तिला कामावर ठेवता येत नाही.

आणि बसायचे काय? केरळात कोझिकोडच्या बाजारपेठेत पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईने दुकानांतल्या बायकांना एकत्र केले. सुरुवात झाली स्वच्छतागृहाच्या मागणीपासून. पुढे मागणी आली ती बसू देण्याची. २०१८ मध्ये केरळने कायद्यातच तशी दुरुस्ती केली, २०२१ मध्ये तामिळनाडूनेही. साधे एक स्टूल, पण त्यासाठी बायकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले!

तुमच्या घरातली लेक-सून अशा नोकरीत असेल तर एवढे करा. चप्पल संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, माप चुकत नाही. तळवा मऊ हवा. उभ्या उभ्या अधूनमधून टाचा उचलायला सांगा, पोटऱ्यांतले रक्त खेळते राहते. घरी आल्यावर पंधरा मिनिटे पाय उशीवर ठेवू द्या, चहा दुसऱ्या कुणीतरी करावा! पाणी तोडू देऊ नका, लघवीचा त्रास मागे लागतो. पायावर निळ्या शिरा फुगल्या किंवा एकच पाय सुजून दुखू लागला तर डॉक्टरांना दाखवाच.

आणि आपण गिऱ्हाइकांनी? काय हवे ते घरूनच ठरवून जावे. नुसती गंमत म्हणून चाळीस घड्या मोडायला लावू नयेत. पैसे देताना मॅनेजरला एकदा विचारावे, “या मुलींना बसायला स्टूल का नाही हो?” एकीने विचारले तर तो हसेल. दहाजणींनी विचारले तर स्टूल येईल.

त्या दिवशी आम्ही साडी घेतली. निघताना मी बाकावर सरकून तिला म्हटले, “ये, बस जरा.” तिने वर कॅमेऱ्याकडे पाहिले आणि नुसती मान हलवली.