शिष्यवृत्तीवर शिकलेल्या लेकींच्या पाठीशी कोण?

दरवर्षी निकाल लागले की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील विहारांतून गुणवंतांचे सत्कार होतात. पुष्पगुच्छ, बाबासाहेबांचे एखादे पुस्तक आणि चार भाषणे. अलीकडे या रांगेत एमबीएला शिकणाऱ्या मुली दिसू लागल्या आहेत. पुसद, उमरखेड, दारव्हा, घाटंजीकडच्या. आई दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जाते आणि लेक भारत सरकार शिष्यवृत्तीवर फायनान्स नाहीतर मार्केटिंग शिकते. प्रत्येक वक्ता तिला बजावतो, समाजाचे ऋण विसरू नकोस! आम्हीही बजावले आहे. पण हे ऋण कंपनीच्या खुर्चीत बसून फेडायचे कसे, हे आमच्यापैकी कोणीच सांगत नाही.

मागे अशीच एक मुलगी आमच्या कार्यालयात आली. शिष्यवृत्तीवर एमबीए झालेली आणि बायकांच्या गटांना कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या शाखेत नोकरीला लागलेली. हप्ता थकलेल्या बाईच्या दारात गटातल्या इतर बायकांना घेऊन रात्री बसायचे, पैसे मिळेपर्यंत उठायचे नाही, असा तिला वरून हुकूम होता. ती म्हणाली, "सर, त्या दारात मला माझी आईच दिसते. पण नाही म्हटले तर नोकरी जाईल, आणि घरात दुसरा पगार नाही."

आम्ही वकील, आम्ही कायदा सांगितला. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सूक्ष्म कर्जदाराच्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर तगादा लावता येत नाही. धमकी, शिवीगाळ, नातेवाईक-शेजाऱ्यांना त्रास हे सारे निषिद्ध आहे. हे नियम उगाच आलेले नाहीत. आमच्या सीमेपलीकडे, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, अशाच वसुलीच्या जाचाने कर्जदारांनी जीव दिले आणि ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या सरकारला वटहुकूम काढावा लागला. दोन वर्षे एमबीए शिकलेल्या त्या मुलीला यातले एक अक्षर कोणी शिकवले नव्हते. टार्गेट मात्र पहिल्याच दिवशी शिकवले.

तिने आमच्या सल्ल्याने वरिष्ठांना सांगितले, हुकूम लेखी द्या. असला हुकूम लेखी कोण देतो! दोन महिन्यांत तिची नोकरी गेली. तिला आम्ही कायदा दिला, पाठबळ दिले नाही. ही कबुली देण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

आमचे काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात, मुलींनी भांडवलदारांच्या शाळेत जावेच कशाला? १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले होते, याची ते आठवण देतात. आठवण रास्त आहे. निष्कर्ष चुकीचा आहे. बाबासाहेब स्वतः १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकवला. त्याआधी शेअरबाजारासंबंधी सल्ला देण्याचा व्यवसायही त्यांनी करून पाहिला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके तुटली. शत्रूचा हिशेब वाचता आला पाहिजे म्हणूनच ते हे शिकले आणि त्यांनी ते शिकवले. आमच्या मुलींनी ताळेबंद वाचू नये, हा सल्ला बाबासाहेबांचा नव्हे.

प्रश्न आहे तो शिकून काय विकणार याचा. बुद्धाने उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. सम्यक आजीविकेवर प्रवचन ऐकताना यातले शेवटचे नाव आपण सहज ओलांडून जातो. यवतमाळकराला ते ओलांडता येणार नाही. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत, उघड्या तोंडाने, दोन-तीन औषधे एकत्र कालवून ते फवारत होते. (विषाला आपल्याकडे औषध म्हणतात, यातच सारे आले.) कोणते औषध किती विकायचे याचे आकडे कुठल्यातरी कार्यालयात मार्केटिंग शिकलेल्या माणसानेच ठरवले असतील. उद्या त्या खुर्चीत आमची लेक असेल. डब्यासोबत मास्क, हातमोजे आणि मजुराला वाचता येईल अशी मराठी सूचना गेल्याशिवाय माल हलणार नाही, एवढे ती म्हणाली तरी किती घरांचे कुंकू वाचेल!

तिच्या शिष्यवृत्तीचेही तसेच. संविधानाच्या ४६ व्या कलमाने राज्यावर टाकलेली ती जबाबदारी आहे, कोणाचे दान नव्हे. त्याच पैशावर बोगस विद्यार्थी दाखवून संस्थाचालकांनी इतका हात मारला की २०१६ मध्ये राज्य शासनाला चौकशीसाठी विशेष पथक नेमावे लागले. त्या नोंदी ठेवणारे, सह्या करणारे अडाणी नव्हते. १९५६ साली आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयीची व्यथा बोलून दाखवली, ती आम्ही दरवर्षी भाषणात वापरतो आणि टाळ्या घेतो. मात्र ज्या मुलीने सही करायला नकार दिला, तिच्या घरी आम्ही कधी गेलो?

नीतीचा सारा भार एकट्या पोरीवर टाकणे सोपे आहे. बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीसाठी बाबासाहेबांनी दहा वर्षांच्या सेवेचा करार केला होता. १९१७ मध्ये ते तो पाळायला गेलेही. पण त्या शहरात त्यांना राहायला घर मिळाले नाही आणि शिपाई फायली दुरून फेकत. तेव्हा त्यांच्यामागे चळवळ नव्हती. चळवळ त्यांना पुढे स्वतःच उभारावी लागली. १९४२ च्या जुलैत नागपूरला अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद भरली, तेव्हा हजारो बाया आल्या. बहुतेकींजवळ ना पदवी होती, ना शिष्यवृत्ती. पण पाठीशी चळवळ होती, म्हणून त्या निर्भय बोलल्या. आज पदवी आहे आणि पोरगी एकटी आहे.

म्हणून आम्ही काही सहकारी वकिलांशी आणि शिक्षक, बँक, एसटीतील नोकरदार बांधवांशी बोललो आहोत. सत्कारावरचा खर्च आवरून एक निधी उभारावा, आणि चुकीच्या कामाला नकार दिल्यामुळे जिची नोकरी जाईल तिला दुसरी मिळेपर्यंत सहा महिने घरखर्च द्यावा, असे ठरते आहे. तिची तक्रार आणि दावा आम्ही विनाशुल्क चालवू. विहारात महिन्यातून एक रविवार कर्जाचे, नोकरीचे आणि कंपनीचे कायदे शिकवू. मुलींनी यावे, आणि ज्यांनी गटाचे कर्ज घेतले आहे त्या त्यांच्या आयांनीही यावे. पहिला वर्ग घेण्याची विनंती आम्ही त्या नोकरी गमावलेल्या मुलीलाच केली आहे. तिने होकार दिला, फक्त विचारले, "सर, या वेळी निधी आधी जमेल ना?"