गाडीचा नवा बेल्ट घेताना

दळण घेऊन आपण गिरणीत जातो. तिथे मोटर एका बाजूला असते, जाते दुसऱ्या बाजूला. मधे पट्टा फिरतो. पट्टा तुटला तर मोटर घरघरत राहते, पण पीठ काही पडत नाही.

गाडीच्या इंजिनालाही असाच पट्टा असतो. त्याला सगळे बेल्ट म्हणतात, म्हणून आम्हीही बेल्टच म्हणू. जुन्या गाड्यांत दोन-तीन निरनिराळे बेल्ट असत. आताच्या पुष्कळ गाड्यांत एकच लांब बेल्ट असतो. तो सापासारखी वळणे घेत चार-पाच चाकांवरून जातो. या चाकांना पुली म्हणतात. एका पुलीवर बॅटरी भरणारा अल्टरनेटर चालतो. एकीवर बहुधा इंजिनात पाणी खेळवणारा पंप असतो. एकीवर एसी. काही गाड्यांत स्टेअरिंग हलके करणारा पंपही त्याच बेल्टवर असतो.

म्हणजे बैल एक आणि कामे चार. बैल बसला की सगळेच अडते. बॅटरी भरत नाही. पाणी खेळत नाही, इंजिन तापते. तरीही गाडी दामटली तर इंजिनच खोलावे लागते. बेल्टला काहीशे रुपये पडतात, इंजिनाच्या कामाला कितीतरी हजार.

आमच्या भागात एका पिकअपवाल्याने तालुक्याच्या दुकानातून बेल्ट आणला. दुकानदार म्हणाला, "थोडा अरुंद हाय, पण चालतंय की." बसवला. चाललाही. पावसाळा जेमतेम निघाला. मग एके रात्री टोमॅटोचे क्रेट भरून पुण्याला निघाला असता घाटात बेल्ट गेला. दुसरा टेम्पो मिळून माल मार्केट यार्डात पोचेपर्यंत सौदे होऊन गेले होते. शेतकऱ्याच्या पदरी काय पडले असेल ते तुम्हाला सांगायला नको.

"चालतंय की" हा शब्द बेल्टच्या बाबतीत कामाचा नाही. योग्य बेल्ट कोणता, ते बेल्टवरच लिहिलेले असते. ते आपण वाचायचे.

बेल्टची आतली बाजू बघा. रानात सरी-वरंबा पाडतो तशा लांबच लांब रेघा दिसतील. त्यातले वरंबे मोजा. कुठे चार, कुठे पाच, कुठे सहा, मोठ्या गाडीला जास्तही. पुलीला तेवढ्याच सऱ्या असतात. वरंबा सरीत घट्ट बसतो, तेव्हा बेल्ट ओढ घेतो. सहा सऱ्यांच्या पुलीवर पाच वरंब्यांचा बेल्ट चढतो खरा. पण सहांचे ओझे पाचांवर पडते आणि बेल्ट लवकर खलास होतो.

आता बेल्टची पाठ बघा. तिच्यावर बहुधा असे काही छापलेले असते: ६पीके१७५०. आकडे आणि अक्षरे इंग्रजी असतात. पण मोबाइलवरचे आकडे ज्याला ओळखता येतात त्याला हे जमेल. पहिला ६ म्हणजे सहा वरंबे. पीके ही अक्षरे वरंब्याचे माप सांगतात. अशा सहा वरंब्यांचा बेल्ट सुमारे २१ मिलिमीटर रुंद, म्हणजे इंचाला थोडा कमी. शेवटचा १७५० म्हणजे लांबी, मिलिमीटरमध्ये. १००० मिलिमीटरचा एक मीटर. म्हणजे बेल्ट झाला पावणेदोन मीटर. काही कंपन्या हीच माहिती वेगळ्या क्रमाने छापतात. तेव्हा जुना बेल्ट फेकू नका. दुकानात घेऊन जा आणि नव्याशेजारी धरून आकडे जुळवा.

आकडे पुसून गेले असतील तर? नुसती दोरी लावून माप घेऊ नका. जुना बेल्ट झिजलेला असतो, शिवाय मागच्या वेळी कुणी भलताच बसवला असेल तर चूक तशीच पुढे चालेल. दुकानदाराला गाडीचे नाव, साल आणि इंजिन सांगा. गाडीला एसी आहे की नाही तेही सांगा. एकाच नावाच्या गाडीत एसी असला तर बेल्ट बहुधा लांब लागतो. हे न सांगितल्यामुळे पुष्कळांना दोन हेलपाटे पडतात.

बेल्ट केव्हा बदलावा? जुन्या रबराला आडव्या चिरा पडत, त्या बघून कळायचे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत निराळे रबर आले. ते सहसा चिरत नाही, नुसते झिजते. वरून बेल्ट नवा दिसतो, पण सऱ्या रुंद झालेल्या असतात. म्हणून चिरा नाहीत एवढ्यावर विसंबू नका. गाडीच्या पुस्तकात किती किलोमीटरला बदलायचा ते दिलेले असते. सकाळी गाडी चालू करताना चिरकल्यासारखा आवाज आला तरी मिस्त्रीला दाखवा. गिरणीच्या सपाट पट्ट्याला राळ लावतात, तशी इथे लावू नका. साबणही नको. आवाज चार दिवस बंद होतो, दोष तिथेच राहतो.

बेल्टला ताण देणारी एक पुली असते, तिला टेन्शनर म्हणतात. ती हाताने फिरवून बघायला सांगा. खरखर लागली तर तीही बदला. नवा बेल्ट खराब टेन्शनरवर टिकत नाही. काही गाड्यांना टेन्शनर नसतो. तिथे ताणला जाणारा खास बेल्ट लागतो, साधा चालत नाही.

जुना बेल्ट काढण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढा. कुठल्या पुलीवरून वरून आला, कुठल्या पुलीखालून गेला, ते ध्यानात राहत नाही. वळण चुकले तर पाण्याचा पंप उलटा फिरू शकतो आणि नव्या बेल्टवरही इंजिन तापते.

बसवून झाला की प्रत्येक पुलीवर नजर टाका. एक वरंबा बाहेर लोंबत राहणे ही नेहमीची चूक आहे. मग इंजिन मिनिटभर चालवा. तेवढा वेळ हात, उपरणे, पदर सगळे लांब ठेवा. इंजिन बंद करा आणि बेल्ट जागेवर आहे ना, ते पुन्हा बघा. जुना तुटलेला नसेल तर सीटखाली टाकून ठेवा. घाटात वेळेला तोही गावापर्यंत आणतो.