खडी फोडणारे चित्रात आले तेव्हा

मागच्या महिन्यात सातवीच्या मुलांना आम्ही ‘माझे घर’ हा निबंध दिला. जवळजवळ सगळ्या वह्यांत एकच घर निघाले. टुमदार, पुढे बाग, दारात तुळससुद्धा! गाइडमध्ये होती, म्हणून आमच्या मुलांच्या दारातही ती उगवली. एकाने मात्र वेगळे लिहिले. एकच खोली, शेजारी यंत्रमागाचा खडखडाट, अब्बा रात्रपाळी करून सकाळी झोपतात म्हणून घरात सगळे कुजबुजत बोलतात. आम्ही लाल पेनाने शेरा मारला, ‘विषय नीट मांडा’, आणि दहापैकी चार गुण दिले.

घरी आल्यावर तो शेरा आम्हालाच टोचू लागला. मराठीत ज्याला वास्तववाद आणि उर्दूत हकीकतनिगारी म्हणतात, ते बी.एड.च्या आधीपासून आम्ही पाठ करत आलो आहोत. पण ही चळवळ नेमकी याच शेऱ्याविरुद्ध उभी राहिली होती.

फ्रान्समध्ये १८४८ ची क्रांती नुकतीच होऊन गेली होती. गुस्ताव कुर्बे या चित्रकाराला रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी दोन माणसे दिसली. त्याने त्यांना आपल्या चित्रशाळेत बोलावले आणि १८४९ साली जवळजवळ माणसाच्या उंचीएवढे चित्र काढले. एक म्हातारा, एक पोरगा, फाटके कपडे, तोंडे आपल्याकडे नाहीतच. पुढचे चित्र आणखी मोठे, साडेसहा मीटर रुंद. त्यात त्याच्या गावातला एक साधा दफनविधी होता. लोक चिडले ते यावर. एवढा मोठा कॅनव्हास राजे, देवदूत आणि लढाया यांच्यासाठी राखीव असे. त्यावर गावकरी कसे? १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात परीक्षकांनी त्याची काही मोठी चित्रे नाकारली, तेव्हा त्याने जवळच स्वतःचा मंडप घातला आणि त्याला नाव दिले ‘वास्तववाद’. खडी फोडणाऱ्यांचे मूळ चित्र १९४५ साली महायुद्धात नष्ट झाले. आता छायाचित्रेच उरली आहेत.

संगीतात हे कसे आणायचे? सुराला फाटका सदरा कसा घालणार? रशियात मुसोर्गस्कीने वेगळी वाट धरली. माणसे बोलताना आवाज जसा चढतो-उतरतो, तशीच चाल बांधायची. १८६८ साली त्याने गोगोलच्या एका नाटकाचे गद्य संवाद जसेच्या तसे संगीतात बसवायला घेतले, पण पहिल्या अंकापुढे गेला नाही. आम्हाला हे पटते. अम्मी ‘उठ रे’ म्हणते त्यात केवढी चाल असते! पॅरिसमध्ये १८७५ साली बिझेच्या ‘कार्मेन’ या संगीतिकेत सिगारेट कारखान्यातल्या बायका रंगमंचावर आल्या. प्रेक्षक नाराज झाले आणि तीन महिन्यांत बिझे ३६ व्या वर्षी वारला. आज तीच संगीतिका जगभर होते.

आपल्या उर्दूत ही गोष्ट प्रेमचंदांशिवाय सांगता येत नाही. ‘कफन’ ही कथा १९३५ च्या डिसेंबरात आधी उर्दूत, ‘जामिया’ मासिकात आली. भुकेने माणसाचे काय होते, हे त्यात कुठेही गोड करून सांगितलेले नाही. घीसू आणि माधव यांना लेखक ना संत करतो, ना राक्षस. पुढच्या एप्रिलात लखनौला पुरोगामी लेखकांच्या अधिवेशनात अध्यक्षपदावरून त्यांनी सांगितले की सौंदर्य मोजण्याची आपली फूटपट्टीच बदलायला हवी. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गेले.

फूटपट्टी आमच्याही हातात होती, लाल पेनाच्या रूपात. दुसऱ्या दिवशी आम्ही ती वही परत मागितली. ‘सर, चुकलं का?’ म्हणून पोरगा घाबरला. शेरा खोडला, गुण बदलले, शुद्धलेखनाच्या सात चुका मात्र तशाच ठेवल्या. शाळेच्या हस्तलिखितात तो निबंध घ्यायचा आहे. पण घरातली गोष्ट आहे, अब्बांना विचारायला हवे. ते शनिवारी रात्रपाळी संपवून शाळेत येणार आहेत.